ठाण्यात काढण्यासारखं काय आहे

चरई, ठाणे
वैशाख

तीर्थरूप आई आणि बाबांना साष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू विचारलंस, "ठाण्यात आता फोटो काढण्यासारखं उरलंय तरी काय? सगळे टॉवरच तर झालेत." तेवढ्यात गावची रेंज गेली आणि उत्तर राहून गेलं. तसंही ते फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून पत्र लिहिते आहे. बाबांकडे एक कामही आहे. ते शेवटी सांगते, पण आधी तुझ्या प्रश्नाचं.

टॉवर झाले हे खरंच. तुम्ही चिपळूणला कायमचे गेलात त्यानंतर घोडबंदर रोड तर ओळखूच येत नाही. पण टॉवर झाले म्हणून माणसं कुठे गेली? जांभळी नाक्यावर पहाटे फुलांचे हारे तसेच उतरतात. तलावपाळीवर संध्याकाळी आजोबा मंडळी ठरल्या बाकावरच बसतात. दिवाळीच्या पहिल्या पहाटे राम मारुती रोडवर नवे कपडे घालून पोरं तशीच गर्दी करतात, अजून मोठी. ठाण्याचं नाव निघालं की लोकांना आठवते ती गाडी, १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला आलेली पहिली आगगाडी. ३४ किलोमीटर. शाळेत आपण पाठच केलं होतं. मला अभिमान आहेच त्याचा, पण गाडी जिथे येऊन थांबली त्या गावात लोक काय करत होते, काय खात होते, कोणते सण करत होते, ते कुणी विचारत नाही. मी फोटो काढते, फिल्म करते, ते त्याच्यासाठी.

यंदाच्या पाडव्याचं सांगते. पाडव्याला कौपिनेश्वराची पालखी निघते, शोभायात्रा निघते, ढोल-ताशे, लेझीम, नऊवारी नेसून बुलेटवर बसलेल्या बायका. ते सगळेच काढतात आणि काढावंच, रंगच तसे असतात. मी मात्र पाडव्याच्या आधीचे दिवस गाठी करणाऱ्यांकडे घालवले. बाजाराच्या मागच्या गल्लीत एक खोली आहे, पत्र्याची. आत भट्टीवर साखरेचा पाक उकळत असतो, त्यात थोडं दूध टाकलं की मळी वर येते आणि ती झाऱ्याने काढतात. लाकडाचे साचे आधी पाण्यात भिजवून ठेवलेले. साच्यात दोरा ताणून बसवायचा, दोन भाग एकमेकांवर घट्ट बांधायचे, आणि वरून पाक ओतायचा. ओतणारा माणूस पाकाकडे बघतच नव्हता. तो धारेचा आवाज ऐकत होता. साचा भरत आला की आवाज बारीक होतो, आणि त्याचा हात तिथेच थांबतो. थोड्या वेळाने साचा सोडला की पांढरीशुभ्र माळ दोऱ्यासकट बाहेर येते, काठाला जरा चिकटलेली साखर सुरीने तासून काढतात.

त्या खोलीत शिरल्या शिरल्या लेन्सवर वाफ धरते. म्हणून कॅमेरा बॅगेत तसाच ठेवून मी अर्धा तास नुसती बसायचे, कॅमेरा खोलीइतका गरम होईपर्यंत. त्या अर्ध्या तासात चहा येतो, गप्पा होतात, आणि मग कॅमेरा बाहेर काढला तरी कुणी कपडे सारखे करत नाही, केस विंचरत नाही. आवाजासाठी छोटा माइक मी साच्यांच्या फळीखाली चिकटवला होता. फिल्ममध्ये ती धार बारीक होताना ऐकू येते. बाबा, ते तुम्हाला हेडफोन लावून ऐकवायचं आहे.

फिल्म कुणासाठी, असं तुम्ही मला मागे विचारलं होतं. जे त्यात दिसतात त्यांच्यासाठी, सगळ्यात आधी. माझा आता नियमच आहे, ज्यांना काढलं त्यांना पहिल्यांदा दाखवायचं, त्यांच्याच दारात. नंतर मग कुठे लावायची, कुणाला पाठवायची ते बघू.

चेंदणी कोळीवाड्यात मागच्या श्रावणात नारळी पौर्णिमा काढली होती. ती तिथे दाखवली शिमग्याच्या दिवसांत. दोन घरांच्या मधे पांढरी चादर बांधली, प्रोजेक्टर एका ओट्यावर ठेवला, बायका, पोरं, म्हातारे सगळे खाली सतरंजीवर. रेल्वेच्या रुळांनी कोळीवाड्याचे कधीचेच दोन भाग केलेत, पण त्या रात्री पूर्वेकडचे लोकही पूल ओलांडून आले होते. गोंगाट इतका, की फिल्मचा आवाज कुणालाच ऐकू आला नाही. पडद्यावर कुणी दिसलं की नावाने हाक. मला ते फार आवडलं.

आणि मग एक आजोबा बोलायला लागले. आयुष्यभर खाडीत पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकलेला माणूस. पडद्यावर होड्या दिसल्या की ते म्हणत, "हे सकाळचं. पाणी अजून चढतंय." पुढच्या दृश्याला, "ही भरती झाली. दुपार." त्यानंतर नारळ सोडतानाचं आलं तर म्हणाले, "आता ओहोट लागलाय, बघा दगडावरची ओल." मी कॅमेऱ्यातल्या वेळा नंतर ताडून पाहिल्या. सगळं बरोबर. मी विचारलं, कसं ओळखलंत? त्यांनी हिशेब सांगितला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. ठाण्यापर्यंत पाणी वर यायला त्यापुढे आणखी थोडा वेळ धरायचा. पंचांग आणि पाऊणकीचा पाढा, बास.

बाबा, मी ती फिल्म महिनोन्महिने एडिट केली होती. एकेक फ्रेम माझ्या डोळ्यांखालून गेली होती. पण दगडावरची ओल मला दिसत होती आणि तिचा अर्थ त्यांना लागत होता. मग मी आजोबांना पुन्हा फिल्म दाखवली, या वेळी नुसते ते आणि मी, आणि त्यांचं बोलणं रेकॉर्ड केलं. आता ते बोलणंच फिल्मचा आवाज आहे. खाडीत पूर्वी जिताडा, बोय, कोळंबी किती मिळायची, कारखान्यांचं पाणी खाडीत यायला लागल्यावर काय काय कमी होत गेलं, निवट्या पकडायला चिखलात पाय कसा टाकायचा, हे सगळं त्यात आलं.

खाडीवर हल्ली मोठमोठ्या लेन्स घेऊन पुष्कळ लोक येतात, रोहित पक्षी काढायला. २०१५ मध्ये तिथे रोहित अभयारण्य झालं, २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव आलं. छानच झालं. पहाटे ते गुलाबी थवे चिखलावरून उठतात तेव्हा माझाही हात कॅमेऱ्याकडे जातो. पण त्याच चिखलात गुडघाभर उतरलेला माणूस फोटोत आला तर फोटो बिघडला असं समजून त्याला कापून टाकतात, ते मला पटत नाही. तो माणूस त्या पक्ष्यांच्या आधीपासून तिथे आहे.

आता बाबांकडचं काम.

तुमच्या जुन्या क्लिक थ्री कॅमेऱ्याने काढलेल्या निगेटिव्हचं एक पाकीट माझ्याकडे राहिलं होतं, अल्बमच्या मागच्या खिशात. ते मी स्कॅन केलं. खालून दिवा, वरून कॅमेरा, मग कंप्युटरवर काळ्याचं पांढरं करायचं. एका रोलमध्ये बाराच फोटो, ऊन आणि ढग अशा दोनच खुणा, पण निगेटिव्ह सहा बाय सहा सेंटिमीटरची, त्यामुळे आत खूप काही मावलंय. एक फोटो दसऱ्याचा आहे. कंपनीत लेथला झेंडूची माळ, आंब्याचा डहाळा, समोर फोडलेला नारळ. मागे भिंतीवर फळा. फोटो मोठा केला तर फळ्यावरचे खडूचे आकडे वाचता येतात. तीन रकाने, त्यातला शेवटचा रिकामा. पहिल्या रकान्याच्या वर एक अक्षर आहे, 'अ' असावं. हे काय आहे बाबा? तीन शिफ्ट का? शेवटचा रकाना सुट्टीमुळे रिकामा का?

दुसरा फोटो गेटबाहेरचा. पंधरा-वीस माणसं, हातात डबे, तुम्ही काढत होता म्हणून तुम्ही त्यात नाही. एक जण तेवढा रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला बघतोय. काय चाललं होतं तिकडे? तिसऱ्यात नाटकाची तालीम दिसते, कामगार नाट्यस्पर्धेची असेल असा माझा अंदाज. खुर्चीवर उभा असलेला माणूस कोण?

मला पुढची फिल्म वागळे इस्टेटवर करायची आहे. १९६२ मध्ये एमआयडीसी सुरू झाली आणि तिची पहिली वसाहत आपल्या वागळे इस्टेटची, हे तुम्हीच मला सांगितलं होतंत, रोड नंबर सोळावरून चालताना. तिथे आता काचेच्या इमारती आहेत, खालून ओळखपत्र गळ्यात घातलेली मुलं-मुली आत-बाहेर करत असतात. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही, तीही कष्टच करतात, आणि त्यांनाही मी काढणार आहे. पण त्या जागी आधी भोंगा वाजायचा आणि भोंग्यावर अख्खं किसन नगर उठायचं, जेवायचं, झोपायचं, हे सांगणारी माणसं एकेक करून गावाला गेली. तुम्ही गेलात. तुमच्याबरोबरचे सातारला, खेडला, जुन्नरला गेले. फोटो ठाण्यात आणि ते वाचणारे गावाला, असं झालंय. त्या आजोबांनी पाणी वाचलं तसे तुम्ही हे फोटो वाचा, एवढंच काम आहे. तुम्ही पडद्यासमोर बसायचं, मी एकेक फोटो लावीन, तुम्ही बोलायचं. आठवेल ते. नाही आठवलं तर पुढचा फोटो.

आणि आई, हे फक्त बाबांचं काम आहे असं समजून तू स्वयंपाकघरात जाऊ नकोस. एकट्याने राहणाऱ्या कामगारांना तू डबे द्यायचीस. फर्स्ट शिफ्टचा डबा पहाटे, सेकंडचा दुपारी, नाइटचा रात्री. कोणाला भात चालायचा नाही, कोण शनिवार धरायचा, कोणाला गावाहून पत्र आलं नाही म्हणून तो डबा अर्धा परत पाठवायचा, हे तुला तोंडपाठ असायचं. बाबांना त्या माणसांची मशीन माहीत आहेत, तुला ती माणसं माहीत आहेत. तू म्हणशील, माझ्याकडे काय सांगण्यासारखं आहे. गाठीवाल्यांच्या घरातल्या आजीही असंच म्हणाल्या होत्या, आणि मग दीड तास बोलल्या.

पैशांची काळजी करू नका. लग्नाची कामं चांगली चालू आहेत, या सीझनलाही मेच्या तारखा भरल्या. त्यातून भाडं निघतं, हार्ड डिस्क येतात, आणि मधले महिने मला माझे मिळतात. शिवाय लग्नं काढायला मला मनापासून आवडतं. कळव्याच्या एका हळदीत बायकांनी रात्रभर धवलगीतं म्हटली, ती मी घरच्यांना विचारून वेगळी रेकॉर्ड करून ठेवली आहेत. अशी मुलगी परत कुठल्या नोकरीत जाणार आई?

आता नीट वाचा, कारण हे पावसाच्या आधी व्हायला हवं. बाकीच्या निगेटिव्हचा पत्र्याचा डबा गावी माळ्यावर आहे ना? तो खाली काढा. माळ्यावर कोकणातला पावसाळा म्हणजे बुरशी, आणि एकदा बुरशीने वरचा थर खाल्ला की काही करता येत नाही. उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर त्या पट्ट्या वेगळ्या काढा, ती फिल्म कुजायला लागलेली असते आणि तिच्याबरोबर शेजारच्याही जातात. वास नसलेल्या पट्ट्या कागदाच्या पाकिटात घाला, प्लास्टिकच्या पिशवीत नको. बोट फक्त कडेला लागू दे. पुसायला जाऊ नका, फुंकर सुद्धा नको, तशाच आणा. आणि उन्हात वाळवायचा विचार बाबांच्या मनात येईल, तो तर अजिबात नको.

आंब्याची शेवटची काढणी झाली की निघा. मांडवी एक्सप्रेसचं तिकीट मी काढते, चिपळूण ते ठाणे, दोन्ही खालच्या सीट. ठाण्याला मी फलाटावर येईन, जिना चढू नका, लिफ्टने बाहेर पडू. डबा सामानात घालू नका, हातात ठेवा. बाबांचा चष्म्याचा नंबर वाढला असेल तर तेही इथे बघून घेऊ, कारण फळ्यावरचे आकडे बारीक आहेत. फणस आणू नका, जड होतो. आठळ्या आणा.

काकांना आणि आत्याला नमस्कार. बाबा, तालमीच्या फोटोची प्रिंट सोबत पाठवते आहे. खुर्चीवरच्या माणसाचं नाव आठवलं तर प्रिंटमागे पेन्सिलीने लिहून ठेवा, त्याची मुलं ठाण्यात असतील तर मला त्यांनाही बोलवायचं आहे.

तुमची लाडकी लेक