लिटर पुरेपूर आहे, मंत्रिमहोदय. आतला जोर कुठे गेला?

प्रति,
मा. पेट्रोलियम व नैसर्गिक वायू मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

विषय : पेट्रोलचा भाव त्यातल्या ऊर्जेवर ठरवण्याबाबत.

महोदय, स. न. वि. वि.

गेल्या बुधवारी रात्री साडेआठला, तासवडे टोलनाक्याचे दिवे दिसायला लागले आणि माझी मोटरसायकल बंद पडली. वरून पाऊस. कमरेत गॅप असलेल्या माणसाने साडेतीन किलोमीटर गाडी ढकलली. (दुचाकीला टोल नाही, एवढी मेहेरबानी.)

चूक माझ्या हिशोबाची होती. मी सातारच्या बाजूला एका कॉलेजात तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवतो. जाऊन-येऊन ९२ किलोमीटर. सोमवारी सकाळी पाचशेचं पेट्रोल टाकलं की तीन दिवस निघायचे, हे माझं वर्षानुवर्षांचं गणित. गाडी २०१६ची. २०१८ पासून प्रत्येक भरणा डायरीत लिहिलाय. तेव्हा लिटरला ५८ किलोमीटर पडायचे, आता ५४ पडले तरी मी देवाला नमस्कार करतो.

दुसऱ्या दिवशी नेहमीच्या पंपावर जाऊन पाच लिटरचं माप मागितलं. ग्राहकाचा तो हक्क आहे. माप रेघेवर आलं, एक थेंब कमी नाही. मॅनेजर म्हणाला, "सर, लिटर मोजून दिलंय, अजून काय पाहिजे?" मला मेगाज्यूल, म्हणजे आतली ऊर्जा, पाहिजे होते, पण हे त्याला कोणत्या तोंडाने सांगू?

तुम्हाला सांगतो. एक लिटर शुद्ध पेट्रोलमध्ये ढोबळमानाने ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, एक लिटर इथेनॉलमध्ये, म्हणजे उसापासून वगैरे बनणाऱ्या अल्कोहोलमध्ये, २१. हल्ली पंपावर ते पेट्रोलमध्ये मिसळूनच मिळतं. वीस टक्के मिसळलं की ०.८ गुणिले ३२ म्हणजे २५.६, अधिक ०.२ गुणिले २१ म्हणजे ४.२. बेरीज २९.८. लिटरमागे सात टक्के ऊर्जा गायब. महावितरणच्या बिलाच्या भाषेत सांगायचं तर ३.६ मेगाज्यूलचं एक युनिट, म्हणजे पूर्वी नऊच्या आसपास युनिटं मिळायची, आता सव्वाआठ. ही घट किलोकॅलरीत मांडली तर पाचशेच्या वर, म्हणजे माझा दुपारचा डबा. गंमत पुढेच आहे. इथेनॉल पेट्रोलपेक्षा जड, त्यामुळे पंपावरच्या फळ्यावर घनता वाढलेली दिसते. वजन जास्त, माप पुरेपूर, आणि बळ कमी. याला आमच्या गावात काय म्हणतात ते पत्रात लिहिण्याजोगं नाही.

२०१४ साली देशात हे मिश्रण दीड टक्का होतं, २०२५ मध्ये वीस झालं. आमच्याकडे लिटरचा भाव मात्र शंभराच्या वरच आहे. तुमच्या मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये खुलासा केला की मायलेज चालवण्याच्या सवयीवर, एअर फिल्टरवर, टायरच्या हवेवर आणि एसीच्या भारावरही अवलंबून असतं. साहेब, माझ्या मोटरसायकलला एसी नाही. बुधवारी रात्री थंड वारा भरपूर होता, तो मोजायचा असेल तर मोजा. राहिला त्याच खुलाशातला इथेनॉलच्या जास्त ऑक्टेनचा कौतुकसोहळा. ऑक्टेन वाढलं की इंजिन ठोके कमी मारतं, ऊर्जा वाढत नाही. त्याचा फायदा जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनाला, माझ्या जुन्या गाडीला नाही. हे मी बारावीला शिकवतो.

नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातच मायलेज घटेल हे लिहिलं होतं, आणि भरपाई म्हणून अशा इंधनावर करसवलतीचा विचार करावा, असंही. २०२५च्या खुलाशात तुम्ही म्हणालात इथेनॉलच महाग झालं, लिटरला सरासरी ७१ रुपये ३२ पैशांनी घ्यावं लागलं. म्हणजे घटीचा भार माझा, भाववाढीचा भारही माझाच!

इथेनॉलला माझा विरोध नाही. त्यातलं थोडं आमच्याच उसाचं असेल. म्हणून तर जास्त चीड येते. माझ्या वडिलांचा ऊस कारखान्याला जातो तेव्हा नुसतं वजन बघत नाहीत, उतारा, म्हणजे उसातून किती टक्के साखर निघते ते, बघतात. २०२५-२६चा एफआरपी (सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर) टनाला ३,५५० रुपये, तोही १०.२५ टक्के उताऱ्याला. पॉइंट एकचा फरक पडला की क्विंटलला ३ रुपये ४६ पैसे इकडचे तिकडे. काटामारीच्या तक्रारी वेगळ्याच. आई डेअरीला दूध घालते तर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) लागतो. एक पॉइंट घसरला की दर कापून चिठ्ठी हातात. आमच्या मालात आत काय आहे ते दशांशापर्यंत मोजता, आणि तुमच्या मालाचं नुसतं भांडं मोजायचं?

त्यात सीएनजी किलोवर, वीज युनिटवर, पेट्रोल लिटरवर. एका किलो सीएनजीत साधारण तेरा युनिटं ऊर्जा असते, हे किती रिक्षावाल्यांना कोणी सांगितलं? अमेरिकेत १९९४ पासून सीएनजी पेट्रोलच्या गॅलनशी बरोबरी करून मोजतात, म्हणजे निदान तुलना तरी होते. आमच्याकडे तुलना होऊ नये अशीच व्यवस्था दिसते. नाहीतर मोजण्याची हौस सरकारला कमी नाही. माझा तास ४८ मिनिटांचा. दोन मिनिटं उशीर झाला तर बायोमेट्रिकवर लाल खूण, आणि मानधन चार-चार महिने येत नाही. ते उशिरा आलं म्हणून कुणाला लाल खूण झाल्याचं ऐकलंय तुम्ही?

मागण्या मोजक्याच. पंपावर भावाशेजारी लिटरमागे किती मेगाज्यूल ते लिहा. कमी असतील तर त्या प्रमाणात भाव कमी करा, डेअरीत कापतात तसा. आणि जुन्या गाड्यांसाठी कमी मिश्रणाचं साधं पेट्रोल एका तरी नोझलला ठेवा.

डायरीच्या पानांच्या झेरॉक्स जोडल्या आहेत. झेरॉक्सचे ३४ रुपये झाले. सव्वीस मार्चचा आकडा पावसाने पुसट झालाय, तो ५३ आहे.

आपला,
तासिका तत्त्वावरचा एक शिक्षक,
कराड तालुका