आबांनी चर्चची मंडळी सोडावी का?

प्रिय सुध्या,

तब्येत बरी आहे, शुगर आटोक्यात. आता मुद्द्याचं. चर्चच्या नव्या फरशीला आपल्या आळीनं घरटी पैसे दिले होते ना, फलकावर आळीतल्या एकाचंही नाव नाही. वर समर्पणाच्या उपासनेत आबांना पुढच्या बाकावरून उठवून मागं बसवलं. आई म्हणते, पुन्हा तिथं पाय ठेवणार नाही. आबा म्हणतात, मंडळी सोडणार नाही. मला दोघांचंही पटतं आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. इथल्या मराठी लोकांशी बोलावं तर आधी विचारणार, ख्रिश्चनांत कुठली आलीय जात?

त्यात परवा इथल्या, फिलाडेल्फियातल्या सेंट थॉमस चर्चला गेलो. अमेरिकेतली काळ्या लोकांची पहिली एपिस्कोपल (इंग्लंडच्या चर्चमधून निघालेला पंथ) मंडळी, १७९२ ची. सुरुवात ऐक. अ‍ॅबसलम जोन्स आणि रिचर्ड अ‍ॅलन, दोघं जिगरी दोस्त, दोघंही जन्मानं गुलाम. जोन्सनं आधी बायकोला सोडवलं, स्वतः सुटला १७८४ ला. सेंट जॉर्ज नावाच्या मेथडिस्ट (हा दुसरा पंथ) चर्चमध्ये गॅलरी बांधायला, फरशी घालायला (फरशी, सुध्या!) यांच्या लोकांनी भरपूर पैसे दिले, आणि तिथंच गुडघ्यावर प्रार्थना करत असताना तिथले गोरे लोक जोन्सला धरून उठवायला लागले. तो म्हणाला, प्रार्थना संपेपर्यंत तरी थांबा. ते थांबले नाहीत. मग सगळेच उठून बाहेर पडले.

पुढं दोघांची वाट वेगळी झाली. बहुतेकांनी एपिस्कोपल व्हायचं ठरवलं, जोन्स त्यांचा पाळक झाला. अ‍ॅलननं मेथडिस्टच राहून बेथेल नावाचं चर्च काढलं. १७९४ ला सेंट थॉमसला एपिस्कोपल डायोसीसनं, म्हणजे बिशपच्या हाताखालच्या प्रांतानं घेतलं, पण अट घातली, की कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे प्रांताच्या कारभाराच्या सभेत, बसायचं नाही. ती अट सुटली १८६४ ला. सत्तर वर्षं! जोन्स तर १८१८ लाच गेला होता. आबा सत्याहत्तरचे आहेत रे, त्यांनी कशाची वाट बघायची?

तू म्हणशील, मी तेव्हाच सांगितलं होतं, मंडळी सोडा. हो, स्टँडवर तू ओरडून सांगितलंस, मग चिडून माझीच सायकल घेऊन गेलास, ती अजून तुझ्याकडंच आहे. पण जोन्स गोऱ्यांच्या पंथात राहिला म्हणून गप्प नाही बसला. १७९३ च्या पिवळ्या तापात आजाऱ्यांची सेवा केली त्यांच्या लोकांनी, आणि वर चोरीचा आळ आला, तेव्हा जोन्स आणि अ‍ॅलननं मिळून छापील उत्तर दिलं. चर्चं दोन, पण नावं एकाखाली एक.

म्हणून सांगतो, मंडळीच्या पंचांना पत्र जाऊ दे. मजकूर मी लिहितो, पहिली सही आबांची. तू आता त्या मंडळीत नाहीस, तरी तुझी सही मला हवीय, तुझ्याही बापानं दगड वाहिलेत तिथं.

दुकान कसं चाललंय? वैशूला कुठं अ‍ॅडमिशन मिळालं? वहिनींना सलाम सांग, आणि सही करतोस की नाही ते रविवारच्या आत कळव.

तुझा,
बाळ्या