‘पार्किंग मिळेल’ हे कागदावर कुठे आहे?

महोदय,

ठाण्यात घोडबंदर रोडला असो वा नवी मुंबईत घणसोली-ऐरोलीला, फ्लॅट बघायला गेलेल्या माणसाने पार्किंगचे विचारले की उत्तरे ठरलेली असतात. ‘मिळून जाईल’, ‘सोसायटी फॉर्म झाली की अलॉट होईल’, नाहीतर ‘त्याचे वेगळे बघू’. पार्किंग नाही असे तोंडावर सांगितलेला व्यवहार त्या मानाने सरळ. भाव पाडून घेता येतो. फसगत होते ती ‘आहे’ म्हणून सांगितलेल्या आणि करारनाम्यात कुठेच न सापडणाऱ्या पार्किंगमध्ये.

यातला कायदा इमारतीच्या वयावर बदलतो, आणि तिथेच पुष्कळ जण गोंधळतात. जुन्या इमारतींना १९६३ चा मोफा, म्हणजे विकासकांच्या फ्लॅटविक्रीवरचा राज्याचा जुना कायदा, लागू. त्याखाली विकासकाला स्टिल्टमधली (इमारतीखालच्या खांबांमधली) किंवा उघड्यावरची जागा स्वतंत्रपणे विकता येत नाही, ती इमारतीच्या सामाईक भागात मोडते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१० मध्ये पांचाली सोसायटीच्या प्रकरणात दिला. त्यामुळे नौपाड्यातल्या किंवा वाशीतल्या वीस-पंचवीस वर्षांच्या इमारतीत विकणारा ‘बिल्डरकडून पैसे देऊन घेतलेले पार्किंग’ म्हणून पावती पुढे करतो, तेव्हा त्या पावतीच्या जोरावर भाव चढवून देऊ नये. महारेरात, म्हणजे रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याखालच्या राज्य प्राधिकरणात, नोंदलेल्या प्रकल्पांत मात्र तळघर, स्टिल्ट, पोडियम (इमारतीच्या पायथ्याचा चौथरा) आणि यांत्रिक पार्किंग हे ‘आच्छादित वाहनतळ’ ठरते आणि ते मोबदला घेऊन विकता येते. उघड्यावरचे नाही. ते रेरा कायद्यातही सामाईक क्षेत्रच आहे, आणि त्याचे पैसे घेता येणार नाहीत हे महारेराने जुलै २०२१ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे. कंपाउंडच्या भिंतीलगत पांढरे पट्टे मारून ‘ओपन पार्किंग, इतके लाख’ असे कोणी सांगत असेल तर तिथून सरळ उठावे.

२०२४ मध्ये महारेराने आणखी एक गोष्ट बंधनकारक केली, जी ग्राहकांना अजून पुरती ठाऊक नाही. विकत दिलेल्या आच्छादित पार्किंगचा क्रमांक, लांबी, रुंदी, उंची आणि इमारतीतली नेमकी जागा हे सगळे वाटपपत्राला आणि विक्री करारनाम्याला जोडपत्र म्हणून लावायचे आहे. तक्रारीच तशा येत होत्या: वर बीम आडवा येतो, गाडी आत जाते पण शेजारच्या भिंतीमुळे दार उघडत नाही. करारनामा नोंदवण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायला रेराच्या कलम १३ ने मनाई आहे. पण दहा टक्क्यांपर्यंतचा चेक आधीच मागितला जातो आणि तो दिला की आपण अडकलो. म्हणजे घासाघीस करायची वेळ तेवढीच, पहिला चेक देण्याआधीची. वाटपपत्रात ‘एक कार पार्किंग’ एवढेच मोघम लिहिलेले असेल तर जोडपत्र मागावे आणि ते हातात पडेपर्यंत चेक खिशात ठेवावा.

मग टेप घेऊन जागेवर जावे. राज्याच्या एकत्रिकृत विकास नियमावलीत, म्हणजे २०२० च्या यूडीसीपीआरमध्ये, मोटारीच्या जागेचे माप २.५ बाय ५ मीटर आहे, आणि काही प्रमाणात २.३ बाय ४.५ मीटरच्या लहान जागाही चालतात. आता गाड्या बघा. स्विफ्टची रुंदी १७३५ मिलिमीटर, क्रेटाची १७९०, स्कॉर्पिओ-एनची १९१७, आणि ही आरसे सोडून. २.३ मीटरच्या जागेत स्कॉर्पिओ मधोमध लावली तर दोन्ही बाजूंना जेमतेम १९ सेंटिमीटर उरतात. ड्रायव्हरने उतरायचे कुठून? एका बाजूला खांब असेल तर क्रेटालाही रोजचा वैताग. नकाशातले माप मध्यरेषेपासून मध्यरेषेपर्यंतचे असू शकते, म्हणून खांबाच्या प्लास्टरपासून समोरच्या प्लास्टरपर्यंत मोजावे. उंची मोजताना स्लॅबपर्यंत टेप नेऊन उपयोग नाही. बीमचा तळ, ड्रेनेजचा पाइप आणि स्प्रिंकलरची लाइन यांत जे सर्वांत खाली असेल तिथपर्यंतच मोजावे. जागेसमोर गाडी वळवायला किती मोकळे आहे तेही बघावे. एकामागे एक अशा जोड जागांत मागची गाडी काढायला पुढच्याच्या दाराची बेल वाजवावी लागते.

यांत्रिक पार्किंगबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण नौपाडा-पाचपाखाडीतल्या लहान प्लॉटवरच्या पुनर्विकासात आता बहुतेक तेच मिळते. साध्या दोन मजली स्टॅकमध्ये वरची गाडी उतरवायला खालची बाहेर काढावी लागते. त्यामुळे वरचा आणि खालचा पॅलेट, म्हणजे गाडी ठेवायचा लोखंडी पाट, एकाच फ्लॅटचा नसेल तर भांडण ठरलेलेच. पझल पद्धतीत एक कप्पा रिकामा ठेवून पॅलेट आडवे-उभे सरकतात, शेजाऱ्याला उठवावे लागत नाही; पण मोटर, साखळी किंवा सेन्सर बिघडला की एका गाडीपायी अख्खी रांग अडकते. खड्ड्यातल्या, म्हणजे पिट पार्किंगची खरी परीक्षा पावसाळ्यात. साचलेले पाणी उपसणारे संप पंप किती आहेत, त्यांना जनरेटरची जोडणी आहे का आणि खड्ड्याच्या तोंडाशी पाणी अडवणारा उंचवटा आहे का, हे जुलैत जाऊन बघितलेले बरे. प्रत्येक पॅलेटला गाडीचे वजन, लांबी आणि उंची यांची मर्यादा असते आणि ती मशिनच्या पाटीवर लिहिलेली असते. सेडानसाठी केलेल्या कप्प्यात उंच एसयूव्ही जात नाही. बॅटरीमुळे इलेक्ट्रिक गाडी तिच्या पेट्रोल भावंडापेक्षा जड भरते, आणि हलत्या पॅलेटवर चार्जिंग पॉइंट देणे सोपे नसते. हमीची मुदत संपल्यावर देखभालीचा वार्षिक करार सोसायटीच्या डोक्यावर येतो. तो खर्च पार्किंगवाले सोसणार की सगळे, हे ठरलेले नसेल तर पहिल्याच वार्षिक सभेत जुंपते.

जुना फ्लॅट घेणाऱ्याने एजंटला नाही, सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारावे, आणि तेही टोकन देण्याआधी, लेखी. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत क्रमांक ७८ पासून पार्किंगचे नियम आहेत. धोरण सर्वसाधारण सभा ठरवते, वाहन असलेल्या सभासदाला साधारणपणे एकच जागा मिळते, आणि मागणी जागांपेक्षा जास्त असेल तर चिठ्ठ्या टाकून वाटप होते. संस्थेने वाटून दिलेली जागा सभासदाला विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. विकणारा आज जिथे गाडी लावतो ती जागा फ्लॅटबरोबर आपल्याकडे येईलच असे नाही. आपण रांगेत शेवटी उभे राहू शकतो. जागा विकणाऱ्याच्या नोंदणीकृत करारनाम्यातच क्रमांकासह असेल तर गोष्ट वेगळी. सिडकोच्या जुन्या वसाहतींत मोकळ्या जागेवर रंगाने फ्लॅट नंबर लिहिलेले दिसतात. ती बहुधा संस्थेची आपापसातली सोय असते, मालकी नव्हे.

आणखी एक गैरसमज: ‘फ्लॅट घेतला म्हणजे एक पार्किंग हक्काचे’. तसा नियमच नाही. यूडीसीपीआरमध्ये पार्किंगची संख्या फ्लॅटच्या चटई क्षेत्रावर ठरते, आणि लहान सदनिकांना एकास एक गाडी मिळत नाही. वन-आरके आणि छोट्या वन-बीएचकेच्या इमारतीत सगळ्यांना पुरेल इतकी जागा मुळातच मंजूर नसते. मंजूर नकाशावर ‘आवश्यक’ आणि ‘प्रस्तावित’ पार्किंगचा तक्ता असतो. नव्या प्रकल्पाचा नकाशा महारेराच्या संकेतस्थळावर बघायला मिळतो. जुन्या इमारतीचा ठाण्यात महापालिकेच्या शहर विकास विभागाकडे, तर नवी मुंबईत नगररचना विभागाकडे माहिती अधिकारात मागता येतो. तक्त्यातल्या आकड्यातून पाहुण्यांच्या जागा वजा करा आणि उरलेल्याला फ्लॅटच्या संख्येने भागा. सेल्स ऑफिसमधला माणूस हे गणित करून दाखवत नाही.

हे सगळे कळून-सवरून पार्किंग नसलेला फ्लॅट घेणे माझ्या मते अजिबात वेडेपणाचे नाही. कोपरी किंवा नौपाड्यात स्टेशनला चालत जाणाऱ्या, दुचाकीवर भागणाऱ्या घराने न लागणाऱ्या जागेचे लाखो रुपये कशाला मोजावेत? फक्त त्याच इमारतीतल्या पार्किंगवाल्या फ्लॅटच्या भावाशी तुलना करून फरक वसूल करावा, कारण पुढे विकताना हाच फरक आपल्याला सोसायचा आहे. दुचाकीच्या जागेची हमी तेवढी लेखी घ्यावी. गाडी रस्त्यावर लावू, या भरवशावर मात्र राहू नये. नवी मुंबईतल्या एका जनहित याचिकेवर २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने, जागा नसताना एकेका घराला चार-पाच गाड्या कशा घेऊ देता, असे सरकारला सुनावले होते. परिवहनमंत्री प्रताप सरनाईक, जे ठाण्याचेच आहेत, यांनीही २०२५ मध्ये पार्किंगचा दाखला असल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी नको अशी भूमिका जाहीर केली आहे.

आपल्या वृत्तपत्राकडे एक मागणी आहे. घरांच्या जाहिरातीत महारेरा क्रमांक आणि क्यूआर कोड छापावाच लागतो. त्याच्याच खाली ‘एकूण सदनिका इतक्या, आच्छादित पार्किंग इतके, पैकी यांत्रिक इतके’ एवढी एक ओळ असल्याशिवाय जाहिरात स्वीकारायची नाही, असे आपण ठरवू शकता. जलतरण तलावाचा आणि क्लब हाउसचा फोटो अर्धे पान खातो, तिथे ही ओळ सहज मावेल.

— एक वाचक, पाचपाखाडी, ठाणे (प.)