सहा फुटी पाहुणा पाठवतेय

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद,

नळकांड्यातून येतंय ते चित्र सावकाश उघड. कागद जुना आहे, सरळ करायला उलटा गुंडाळू नकोस. वर कोरा कागद ठेवून दोन दिवस वजनाखाली राहू दे. वास्तुरचनाकार ल कॉर्बुझिएचा मॉड्युलॉर आहे तो, माणसाच्या शरीरावरून बेतलेल्या मापांचा तक्ता: एक हात वर केलेला, रुंद खांद्यांचा पुरुष आणि शेजारी लाल-निळे चढत जाणारे आकार. कॉलेजात यावर एखादं लेक्चर झालंच असेल, पण भिंतीएवढ्या आकारात तो वेगळाच दिसतो.

आधी आकडे बघ. बेंबीपर्यंत 113 सेंटिमीटर, डोक्यापर्यंत 183, वर केलेल्या बोटांपर्यंत 226. 43 आणि 70 मिळून 113, 70 आणि 113 मिळून 183. मागच्या दोघांची बेरीज म्हणजे पुढचा आकडा, आणि शेजाऱ्यांचं गुणोत्तर 1.618 च्या, म्हणजे सुवर्ण गुणोत्तराच्या आसपास. ही लाल मालिका. निळी मालिका लालच्या दुप्पट: 43 चे 86, 70 चे 140, 113 चे 226. (27 चे मात्र 53 केलेत. पूर्णांकाच्या नादात एक सेंटिमीटर सांडला.) बसायला 43, टेबलाला 70. मीटरचं शरीराशी नातं नाही, फूट-इंचांत हिशेब किचकट, म्हणून 1943 पासून कॉर्बुझिएनं हा तोडगा शोधायला घेतला. हिशेब देखणा आहे, यात वादच नाही.

पण हा गृहस्थ आला कुठून? आधी तो 175 सेंटिमीटरचा होता. ती मापं फूट-इंचांत धड बसेनात. मग एका सहकाऱ्यानं आठवण करून दिली की इंग्रजी गुप्तहेरकथांतले देखणे पुरुष, पोलिस वगैरे, कायम सहा फुटांचे असतात. झालं! माणूस कागदावर आठ सेंटिमीटरनं वाढला, आणि त्याच्या मापानं फ्रान्समधल्या मार्सेयची कॉर्बुझिएची ती अवाढव्य इमारत 1952 मध्ये पुरी झाली. 337 घरं, छत 226 वर. पुढे चंडीगढच्या इमारतींतही हीच मापं आली.

मी जेमतेम पाच फुटांची. त्या छताला माझी बोटं लागायची नाहीत, आणि त्याच्या हिशेबानं लावलेल्या वरच्या फडताळातला डबा काढायला मला स्टूल लागेल. चित्रात बाई नाही, मूल नाही, काठी टेकत चालणारं कुणी नाही. उद्या तू कुणाचं घर आखशील तेव्हा ओट्याची उंची ठरवण्याआधी त्या ओट्याशी कोण उभं राहणार ते विचार, एवढंच मला म्हणायचंय.

मग हे चित्र कशाला पाठवतेय? कारण मार्सेयला कॉर्बुझिएनं 226 चं बुटकं छत देऊन माणसाला कोंडून ठेवलं नाही. त्याच घरात बैठकीची खोली दोन मजले उंच केली. बुटक्या भागातून तिथे पाऊल टाकलं की छत एकदम वर जातं. ही करामत कुठल्याही पट्टीवर छापलेली नसते, ती त्याची स्वतःची. मॉड्युलॉरनं काढलेल्या उत्तरावर शंका घ्यायचा हक्कही त्यानं स्वतःकडे राखून ठेवला होता. तुझ्या सरांना हे सांगून बघ, बहुतेक त्यांना आवडणार नाही.

मी लाल भागावर भिंग धरून पाहिलंय. खडूनं घासल्यासारखा रवाळ पोत आहे, ठिपक्यांची नियमित जाळी नाही. म्हणजे बहुधा लिथोग्राफच (शिळाछाप), ऑफसेट यंत्रावर छापलेली प्रत नव्हे. कडा थोड्या पिवळ्या पडल्यात, त्या कापू देऊ नकोस. फ्रेमवाल्याला आम्लमुक्त माउंटच वापरायला सांग, मागे चिकटपट्टी नको आणि काच कागदाला टेकता कामा नये. खिडकीसमोरच्या भिंतीवर लावू नकोस, उन्हानं रंग उडतील. फ्रेमचे पैसे मी देईन, काय होतात ते कळव.

तुझी,
आई