काखेतीतले रांजण

तिबिलिसी, ६ ऑक्टोबर

ती. अण्णा आणि आईस शि. सा. नमस्कार.

मी मजेत आहे. जेवण, खोली, थंडी हे सगळं फोनवर झालंच आहे. आई, वाईनरीतला फोटो बघून तू ताईला काय म्हणालीस ते माझ्या कानावर आलं. सगळा वर्ग गेला होता आणि उजेडात परत आलो. मी द्राक्षं बघायला गेले होते, अण्णांना तरी पटेल.

अण्णा, काखेती म्हणजे इथलं, जॉर्जियाचं निफाड. अलाझानी नदीचं खोरं, पलीकडे कॉकेशसचे डोंगर आणि मधे बागाच बागा. हिवाळ्यात वेल झोपतो, म्हणून छाटणी एकदाच. आपल्यासारखी खरड आणि गोडबार अशा दोन छाटण्यांची यातायात नाही. काढणीला 'र्त्वेली' म्हणतात, ती सध्या चालू आहे. पांढरी रकात्सितेली, काळी सापेरावी. सापेरावीचा गरसुद्धा लाल. मणी बारीक आणि बीवाले. मणी फुगवायच्या औषधात, जीएत, घड बुडवत नाहीत, कारण मणी फुगला की रसाच्या मानानं साल कमी पडते आणि यांना सालच हवी असते.

जुन्या पद्धतीची वाईन मातीच्या रांजणात करतात, त्याचं नाव क्वेव्री. अंड्याच्या आकाराचा, हजार-दोन हजार लिटरचा, गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला. धान्याचं पेव आठवा. रांजण गरम असतानाच आतून मेण फासतात, म्हणजे छिद्रं बुजतात. रस, साली, बिया, पिकलेले देठ, सगळं आत. आंबायला लागलं की साली वर येऊन थर धरतात. तो दांड्यानं दिवसातून तीन-चार वेळा खाली दाबायचा. आळस केला की थर सुकतो, त्याला हवा लागते आणि रांजणभर व्हिनेगर होतं. उकळी बसली की दगडी झाकण, कडेनं ओली माती, आणि वसंतापर्यंत हात लावायचा नाही. तळ निमुळता, त्यामुळे बिया खाली जाऊन गाळाखाली दबतात. पांढऱ्या द्राक्षाची वाईन कोऱ्या चहाच्या रंगाची निघते. धुवायला माणूस आत उतरतो. शेजारचा रांजण आंबत असला तर कार्बन डायऑक्साइड खाली साचून जीव जाऊ शकतो. आपल्या जुन्या विहिरीसारखंच.

तिबिलिसीच्या दक्षिणेला सापडलेल्या खापरांत इ.स.पू. ६००० च्या सुमाराच्या वाईनचे अंश मिळाले; ते संशोधन २०१७ मध्ये छापून आलं. पण अण्णा, तुम्हाला अलीकडचं जास्त कळेल. जॉर्जिया सोव्हिएत संघात होता तेव्हा, १९८५ मध्ये, तिथले नेते गोर्बाचेव्हनी दारूविरोधी मोहीम काढली आणि बागा उपटल्या गेल्या. पुढे २००६ मध्ये रशियानं जॉर्जियाची वाईन घेणं बंद केलं, ते २०१३ पर्यंत. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक तेच होतं. मग यांना दुसऱ्या देशांत दारं ठोठवावी लागली आणि तिथे भाव मिळाला तो या रांजणांना.

आता आई, पिण्याबद्दल. इथे पंगतीत वाटेल तेव्हा पेला उचलता येत नाही. एक म्होरक्या असतो, तामादा. तो आधी बोलतो, मग सगळे पितात. कधी शांततेसाठी, कधी गेलेल्या माणसांसाठी, कधी लेकराबाळांसाठी. तो 'अलावेर्दी' म्हणून ज्याच्याकडे बघेल त्यानं तेच सूत पुढे न्यायचं. शिंगातून दिली तर संपेपर्यंत खाली ठेवता येत नाही, कारण शिंग उभं राहत नाही. आणि तामादाच झिंगला तर त्याची नाचक्की. म्हणजे हा पिण्याला आवर घालायचाच प्रकार, असं धर. मी दोन घोट चाखले, खोटं कशाला सांगू. तुरट लागते.

व्यापाऱ्यानं पैसे दिले का? फीचा हप्ता जानेवारीत आहे, त्यासाठी कुणाकडून उसने घेऊ नका. विचारलं तर दोन भाग करून देतात. छाटणीला मजूर मिळाले ना? दरवर्षी छाटलेल्या काड्यांना पेस्ट लावायला मी असायचे.

ताईच्या लग्नाची तारीख माझ्यासाठी हलवू नका. तेव्हा परीक्षा आहे, आणि तिकिटाचे पैसे मांडवाला लागतील. मेंदीचा नमुना काढून पाठवते. करवली म्हणून आत्याच्या सोनीला उभी करा. माझी मोरपंखी साडी तिला चालेल, ब्लाऊज तेवढा दोन्ही बाजूंनी उसवावा लागेल.

तुमची,
धाकटी