मनू, इथे आलीस की वेगळं घर घे

प्रिय मनू,

ऑफर लेटर बाबांनी दोनदा वाचलं, मग मला वाचायला लावलं, आणि लगेच मागची खोली रिकामी करायला घेतली. मला किती आनंद झालाय ते लिहून सांगता येणार नाही गं. ती खोली तुझीच आहे, पहिले काही महिने तुला लागेलच, पण त्यानंतर तू इथे उरुग्वेत, मॉन्टेव्हिडिओत स्वतःचं वेगळं घर घ्यावंस असं मला मनापासून वाटतं, आणि फोनवर हे बोलायला गेले असते तर दोघी रडलो असतो म्हणून लिहितेय.

आधी कारण ऐक मग चिड. आपल्या घरात मराठी चालतं, वरण-भात होतो, जेवताना पुण्याच्या बातम्या लागतात, सुट्टीला बाबांच्या ऑफिसातली आपली मंडळी येतात, सगळी जीव लावणारी माणसं आहेत. पण त्यांच्यातले काही जण इतकी वर्षं इथे राहून अजून दुकानात बोट दाखवून सामान घेतात आणि शेजारी कोण राहतं हे त्यांना माहीत नसतं. तू पंचविशीत येतेयस. पुण्यातून निघून पुन्हा पुण्यातच राहायचं असेल तर एवढा लांबचा प्रवास कशाला?

हा देश छोटा आहे, ३५ लाखाच्या आसपास माणसं, म्हणजे पुण्यापेक्षाही कमी आणि गायीगुरं माणसांच्या तिप्पट. छोटा असल्यामुळे इथे सगळ्यांची मैत्री शाळेपासूनची, त्याच मित्रांबरोबर म्हातारी होतात माणसं. अतिशय सभ्य लोक आहेत, रस्त्यात पत्ता विचारलास तर थांबून नीट समजावतील, पण घरात बोलवायला वेळ लावतात, आणि एकदा बोलावलं की मग तू घरचीच. म्हणून पहिलं बोलावणं येईल ना तेव्हा जा. अजिबात टाळू नकोस. बहुतेक ते असादोचंच असेल, म्हणजे लाकडाच्या निखाऱ्यावर मांस भाजत बसायचं, तू म्हणशील मी तिथे काय खाऊ, तर त्याच जाळीवर सिमला मिरचीत अंडं फोडून घालतात, प्रोव्होलोने चीज भाजतात, कांदे-बटाटे असतात, तुझं पोट भरेल. जेवण रात्री नऊ-दहाला. जाताना घरून काहीतरी खाऊन जा.

भेटल्यावर गालाला गाल लावून एक पापा, बायका-पुरुष सगळेच, दचकू नकोस. आणि माते, म्हणजे इथला कडसर पानांचा चहा. काखेत थर्मास आणि हातात मातेचं भांडं घेऊन अख्खं शहर फिरत असतं, एकच नळी असते आणि सगळे तीच तोंडाला लावतात. आपल्याला उष्ट्याचं वाटतं, मलाही फार जड गेलं होतं, पण ओतून देणारा माणूस प्रत्येकाला त्याची पाळी देतो आणि त्या गोलात तुला धरलं म्हणजे तुला आपलं मानलं. नळी हलवायची नाही, आणि 'ग्रासियास', म्हणजे धन्यवाद, म्हणालीस तर आता बास असा अर्थ घेतात, म्हणून शेवटीच म्हण.

भाषेचं म्हणशील तर ॲपवर शिकतेयस ते चालू ठेव पण इथे 'यो' (म्हणजे मी) ला 'शो' म्हणतात आणि 'तू' च्या जागी 'व्होस', सुरुवातीला काही कळणार नाही, घाबरू नकोस. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजीबाईंशी मी रोज लिफ्टपाशी बोलत गेले, त्या न कंटाळता माझं वाक्य दुरुस्त करून द्यायच्या, कुठल्या क्लासने दिलं नसतं एवढं त्यांनी दिलं. तुझ्या बिल्डिंगमध्ये अशी कोणीतरी असणार. पण आमच्या घरी राहिलीस तर दुकानात, बँकेत, डॉक्टरकडे मीच तुझ्यासाठी बोलेन, मला माझा स्वभाव माहीत आहे.

घर बघायचं तर कोर्दोन किंवा पालेर्मो बघ, पोसितोस छान आहे पण महाग. पालेर्मो आणि बारिओ सुर या भागांत कांदोम्बे वाजतं, म्हणजे ढोलांचं संगीत, आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांच्या वंशजांनी जपलेलं, २००९ साली युनेस्कोच्या यादीतही आलं. रस्त्याच्या कडेला जाळ करून ढोल शेकतात, आपल्याकडे हलगी शेकतात ना अगदी तसंच, आणि मग गल्लीभर वाजवत निघतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला. तू तर पथकात वाजवलेलं आहेस, तुला या मुलांशी बोलायला स्पॅनिश पण फार लागणार नाही.

भाड्याच्या घराला इथे बहुतेक ठिकाणी गॅरंटी मागतात, नुसतं डिपॉझिट देतो म्हणून सहसा चालत नाही. आन्दा नावाच्या संस्थेची घेतात, कोन्तादुरिया म्हणजे सरकारी लेखा कार्यालयाची घेतात, इन्शुरन्सवाल्यांची असते, नाहीतर हाउसिंग बँकेत काही महिन्यांचं भाडं अडकवून ठेवायचं. त्यासाठी पगाराच्या स्लिपा हातात हव्यात, म्हणून मी पहिले काही महिने आमच्याकडे म्हणाले. भाड्यावर सोसायटीचा खर्च वेगळा असतो, 'गास्तोस कोमुनेस', तो विचारल्याशिवाय हो म्हणू नकोस. आणि ऊन येणारं घर बघ. जून ते ऑगस्ट थंडी असते, आकडा पाच-दहा दिसतो पण नदीवरचा वारा आणि दमट हवा हाडात शिरते, भिंतींना बुरशी येते. जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये अर्धा-अर्धा करून तेरावा पगार मिळतो, जूनच्यातून आधी हीटर घे.

आता कागद. हे तिथूनच करून यायचं आहे, इथे आल्यावर फार हाल होतात. जन्मदाखला, पोलिस क्लिअरन्स आणि डिग्री, तिन्हीवर परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा शिक्का; जन्मदाखला आणि डिग्रीवर त्याआधी राज्याचा शिक्का. स्पॅनिश भाषांतर मात्र तिकडे करू नकोस, इथल्या सरकारमान्य अनुवादकाचंच चालतं. मग रेसिडेन्सीचा अर्ज, मग सेदुला म्हणजे ओळखपत्र, आणि नोकरीसाठी कार्ने दे सालुद म्हणून मेडिकल करावी लागते. पासपोर्ट जपून वापर गं, आपली एम्बसी नदीपलीकडे ब्यूनोस आयर्सला आहे. तिकीट साओ पाउलोवरून निघालं तर पिवळ्या तापाची लस निघायच्या निदान दहा दिवस आधी घे, कारण परतीच्या वेळी भारतात उतरताना ते कार्ड मागतात.

बॅगेत तूप, खवा, ताजं काही नको. २००१ मध्ये इथे गुरांमध्ये लाळ्या-खुरकुताची साथ आली होती, देशाचं पोट बीफ निर्यातीवर, तेव्हापासून तपासणी फार कडक आहे आणि ते बरोबरच आहे. काळा मसाला सीलबंद आण, तूरडाळ आण. बेसन मात्र नको, ते इथे सुपरमार्केटमध्ये मिळतं कारण हे लोक पिझ्झ्याबरोबर बेसनाची धिरड्यासारखी फाइना खातात, इटलीहून आलेल्यांनी आणलेली, मिरपूड घालून गरम खा, तुला आवडणार.

देव्हारा पण आण, छोटा. हा देश सरकारी कामात धर्म आणत नाही, कॅलेंडरवर ख्रिसमसला कुटुंब दिवस लिहिलेलं असतं, तुला कोणी तुझा धर्म विचारणार नाही आणि घरात तू काय करतेस ते पण नाही. तुझ्या घरातला गणपती तू बसव, आम्ही येऊ आरतीला. पाहुणे म्हणून येऊ.

आजीची काळजी तुला आहे, मला पण आहे. इथले सकाळचे साडेदहा म्हणजे तिचे संध्याकाळचे सात, दिवा लावून झाल्यावर ती मोकळी असते, ती वेळ मी कधी चुकवत नाही, तू पण ठरवून घे. निघायच्या आधी तिला व्हिडिओ कॉल एकटीने लावता येईल एवढं शिकवून ये.

बाबांना हे पत्र दाखवलंय. ते म्हणाले मुलीला येण्याआधीच बाहेर काढतेस, आणि मग रात्रभर पालेर्मोतल्या फ्लॅट्सचे फोटो बघत बसले, त्यांना एक आवडलाय, आपल्या घरापासून बसने वीस मिनिटं. तू हो म्हण, नाही म्हण, भांड, पण मोकळं बोल. आणि पोलिस क्लिअरन्सची अपॉइंटमेंट या आठवड्यात घे, त्यालाच सगळ्यात वेळ लागतो.

तुझी,
आई