ओठांच्या मुंग्या

नागपूर, सोमवार

तीर्थरूप आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

शनिवारी रात्री तुमचे चार फोन येऊन गेले. आई काळजीत पडली असणार. मी ऑपरेशन थिएटरमध्ये होते. बाळंतपणानंतर रक्त थांबेना म्हणून बाहेरगावहून एका बाईला आणलं होतं. मला राहून राहून बाबांची आठवण येत होती.

बाबा, काकांसाठी तुम्ही प्लेटलेट्स दिल्या तेव्हा तुमच्या ओठांना मुंग्या आल्या होत्या, आठवतं? सिस्टरनं कॅल्शियमची गोळी चघळायला दिली आणि तुम्ही घरी येऊन सांगितलंत की अशक्तपणा आला. तो अशक्तपणा नव्हता. यंत्रात रक्त गोठू नये म्हणून त्यात सायट्रेट घालतात, ते परत येणाऱ्या रक्ताबरोबर अंगात जातं आणि कॅल्शियमला धरून बसतं. रक्ताच्या प्रत्येक पिशवीतही ते असतंच, प्लाझ्मात, म्हणजे रक्तातल्या पिवळसर द्रवात, तर जास्तच. एक-दोन पिशव्यांचं सायट्रेट आपलं लिव्हर सहज निस्तरतं. पण या बाईला तासाभरात आठ पिशव्या गेल्या होत्या, अंग गार पडलं होतं, बीपी लागत नव्हतं. अशा वेळी लिव्हर मागे पडतं. कॅल्शियम उतरलं की रक्त गोठत नाही, हृदयाचा जोरही कमी होतो. जीव वाचवायला दिलेल्या रक्तामुळेच रक्तस्राव वाढू शकतो, आई!

आणि भूल दिलेलं माणूस ओठांना मुंग्या येतात म्हणून सांगणार कसं? म्हणून मी एबीजी, म्हणजे धमनीतल्या रक्ताची झटपट तपासणी, लावला. आयोनाइज्ड कॅल्शियम, म्हणजे रक्तातलं मोकळं, कामाचं कॅल्शियम, 0.78. ते 1.1 च्या वर हवं. सगळे 'रक्त आणा, रक्त आणा' करतात, कॅल्शियम मात्र उशिरा आठवतं, याचा मला फार त्रास होतो. ते रक्ताच्या बरोबरीनंच चालायला हवं.

कॅल्शियम क्लोराइडची 10 मिलीची एक अँप्यूल म्हणजे कॅल्शियम ग्लुकोनेट या दुसऱ्या इंजेक्शनच्या जवळजवळ तीन. पण क्लोराइड शिरेबाहेर गेलं तर मांस जळतं, म्हणून ते मानेतल्या मोठ्या लाइनमधून हळूहळू दिलं. रक्त चढवायच्या नळीतून कधीच देत नाही, तिथेच गाठी होतात. अर्ध्या तासानं पुन्हा एबीजी केला: 1.14. सर्जन म्हणाले, "आता गाठ धरतेय."

काल सकाळी तिनं पाणी मागितलं. बाळ तिच्या कुशीत होतं.

आई, तुझ्या कॅल्शियमच्या गोळ्या हाडांसाठी आहेत, त्या चालूच ठेव. फक्त थायरॉइडच्या गोळीबरोबर घेऊ नकोस, मध्ये चार तास जाऊ दे. बाबा, तुम्ही लक्ष ठेवा.

तुमची,
ताई